कपाटाची किल्ली



मंडळीत सेवा करणारा कोणीही असो, पंच असो, शब्बाथ शाळेचा शिक्षक असो, पेटी वाजविणारा असो की महिला मंडळाची चिटणीस असो, त्याला एक वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळते. "तुमच्यावाचून आमचं काही चालत नाही हो!" वाक्य कानाला फार गोड लागते. बोलणारा ते प्रेमाने बोलतो. ऐकणारा नम्रपणे मान हलवून ते नाकारतो, आणि घरी जाताना मात्र बरोबर घेऊन जातो.

आज आम्हांला या गोड वाक्याची थोडी तपासणी करावयाची आहे. ज्याच्यावाचून मंडळीचे चालत नाही, त्या सेवकाला विश्वासू म्हणावे काय? त्याच्या आधाराने मंडळी उभी आहे, की त्याच्या आधारामुळेच ती आपल्या पायांवर उभी राहायला शिकली नाही? हा प्रश्न आम्ही दुसऱ्याच्या घरून उचलून आणलेला नाही. तो बारा वर्षे आमच्याच खिशात होता.

एक किल्ली आणि पाच रविवार

आमची मंडळी सीमाभागातील, साठ-पासष्ट घरांची. उपासना मराठीत चालते. पण मंडळीतील निम्मी मुले आता कानडी माध्यमाच्या शाळेत जातात, आणि उरलेल्यांतील बरीचशी इंग्रजी. घरात ती मराठी बोलतात, परंतु मराठी पवित्र शास्त्र हाती दिले तर अक्षर अक्षर लावीत बसतात. या मंडळीच्या शब्बाथ शाळेचे आम्ही बारा वर्षे सुपरिंटेंडेंट होतो. उपासनामंदिराच्या मागल्या खोलीत शाळेचे लोखंडी कपाट आहे. हजेरीपट, गीतांची पुस्तके, चित्रांचे फलक, खडूची पेटी, ढोलकी, बक्षिसांची पेन्सिली-खोडरबरे, सारे त्या कपाटात. त्याची एकच किल्ली होती, आणि ती आमच्याजवळ असे. रविवारी आम्ही आलो की कपाट उघडे, कपाट उघडले की शाळा भरे. आम्ही एकही रविवार चुकविला नाही, याचा आम्हांला अभिमान होता. त्याला आम्ही निष्ठा म्हणत होतो.

मंडळीतील एक तरुण भगिनी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून गावी परतली होती. एके दिवशी ती आम्हांला म्हणाली, "काका, लहान मुलांचा वर्ग मी घेऊ का? त्यांना पाठ समजत नाही. गोष्ट आधी थोडी कानडीतून सांगितली आणि मग मराठीतून म्हणून घेतली तर त्यांना कळेल." आम्ही म्हणालो, "बाळ, आपली शाळा मराठी मंडळीची आहे. आधी वर्षभर बस, कसं चालतं ते बघ." ती वर्षभर बसली. वर्ष संपल्यावर आम्ही तिला विचारले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. पुढे ती रविवारी उपासनेच्या वेळेलाच येऊ लागली. त्या वेळी आम्ही घरी म्हटल्याचे आठवते, "आजच्या मुलांत चिकाटी नाही."

त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्हांला विषमज्वर झाला. पाच रविवार आम्ही अंथरुणावर होतो आणि किल्ली उशाशी होती. ती न्यायला कोणी आले नाही. शाळा बंद असणार हे आम्ही गृहीत धरले. खरे सांगावयाचे तर त्या विचाराने आम्हांला जितके दुःख व्हायला हवे होते तितके झाले नाही.

सहाव्या रविवारी काठी टेकीत गेलो, तर मागल्या खोलीतून गाण्याचा आवाज येत होता. कपाट बंद, आणि शाळा भरलेली. हजेरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिली होती. चित्रे मुलांनीच काढली होती. ढोलकीच्या जागी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. लहान मुलांपुढे ती भगिनी उभी राहून हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती. अर्धी कानडीत, अर्धी मराठीत. आमच्या वेळी पटावर 28 मुले येत. त्या दिवशी आम्ही मोजली, 41 होती.

वाचकहो, त्या क्षणी आमच्या मनात देवाची स्तुती उमटली, असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते! मनात जे आले ते हे : हे माझ्यावाचून चालले. आणि ते सुईसारखे टोचले. घरी येऊन आम्ही गप्प बसलो. पत्नीने विचारून विचारून कारण काढून घेतले आणि म्हणाली, "शाळा चालली म्हणून देवाचे उपकार मानायचे सोडून तोंड पाडून काय बसलात?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ईश्वरज्ञानाच्या पदविकेसाठी आम्ही पुष्कळ प्रश्नांची उत्तरे लिहिली. पण असा प्रश्न त्या परीक्षेत आला नव्हता.

भल्या माणसाची चूक

पुढील कित्येक दिवस आम्ही निर्गमाचा अठरावा अध्याय वाचीत होतो. हा अध्याय आम्ही अनेकदा शिकविलेला होता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसला आहे, लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत, आणि त्याचा सासरा इथ्रो हे पाहून त्याला सांगतो की तू करतोस ते ठीक नाही. आम्ही हा पाठ कामाची वाटणी कशी करावी या मथळ्याखाली शिकवीत असू. हजारांवर एक, शंभरांवर एक, पन्नासांवर एक, दहांवर एक, असा फळ्यावर तक्ता काढीत असू.

आता वाचताना दुसरेच काही दिसले. मोशे काही वाईट करीत नव्हता. तो आळशी नव्हता, लाच खात नव्हता, मानासाठी बसला नव्हता. लोक देवाची इच्छा विचारायला येतात आणि मी ती सांगतो, हे त्याचे उत्तर अगदी खरे होते. इथ्रोने दोष दिला तो एका भल्या माणसाच्या भल्या कामाला. आपली फसगत इथेच होते. वाईट कामाचा मोह ओळखायला आपण शब्बाथ शाळेपासून शिकतो; चांगल्या कामाचा मोह ओळखायला आपल्याला कोणी शिकवीत नाही.

इथ्रोने दोन तोटे सांगितले. तू झिजशील, आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही झिजतील. सेवक थकला की आपल्याला दिसते. त्याच्यापुढे रांगेत थांबून मंडळी थकते ते दिसत नाही. याशिवाय एक तिसरी गोष्ट त्या अध्यायात न बोलता सांगितली आहे. जी कर्तबगार, देवभीरू, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसे मोशेने मागाहून निवडली, ती आकाशातून पडली नाहीत. ती तेथेच होती. त्यांतील कित्येक कदाचित त्या रांगेतच उभी असतील. मोशे रोज त्यांच्याकडे पाहत होता, परंतु गाऱ्हाणे घेऊन आलेले लोक म्हणून. खांद्याला खांदा लावणारे सोबती म्हणून त्याने त्यांना पाहिले नव्हते. आम्हीही त्या भगिनीकडे वर्षभर पाहिले होते.

कामावर प्रेम की जागेवर?

मनुष्याला आपले मन सहजासहजी सापडत नाही. मला काम प्रिय आहे, असे प्रत्येक सेवक म्हणेल, आणि ते खोटेही नसेल. परंतु कामावरचे प्रेम आणि कामातील आपल्या जागेवरचे प्रेम ही दोन रोपे एकाच आळ्यात वाढतात. लहान असताना ती सारखीच दिसतात. ती वेगळी कशी ओळखावीत? शास्त्रात आम्हांला तीन ठिकाणी कसोटी सापडली.

पहिली कसोटी गणनेच्या अकराव्या अध्यायात आहे. सत्तर वडिलांवर आत्मा आला. पण एलदाद आणि मेदाद हे दोघे मंडपाकडे न येता छावणीतच राहिले होते, आणि ते तेथेच संदेश देऊ लागले. परवानगी नाही, व्यासपीठ नाही. यहोशवा मोशेला, त्यांना आवरा, असे म्हणाला. तो वाईट हेतूने बोलला नाही. आपल्या धन्याच्या मानासाठी त्याचा जीव तुटत होता. मोशेने त्यालाच विचारले की माझ्यासाठी तुला मत्सर वाटतो काय? परमेश्वराचे सारेच लोक संदेष्टे झाले असते तर त्याला हवे होते. आपण नेमले नाही अशा माणसाच्या हातून चांगले काम झाले, तर आपल्याला काय वाटते? ही पहिली कसोटी. आणि आपल्या बाजूने रागावणारी, आपल्या मानासाठी भांडणारी माणसे आपल्याभोवती असतील तर मोशेसारखे त्यांना थांबवितो, की मनातून सुखावतो?

दुसरी कसोटी बर्णबाची. शौलाला यरुशलेमेत कोणी जवळ करीना तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबा. पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा तार्सास जाऊन त्याला शोधून आणणारा बर्णबाच. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी नावे बर्णबा व शौल अशी येतात. अध्याय संपेपर्यंत ती पौल व बर्णबा अशी झालेली असतात. लूक त्यावर एक शब्दही लिहीत नाही. बर्णबाने कुरकुर केल्याची नोंद नाही. ज्याला आपण वर आणले त्याचे नाव आपल्या आधी घेतले जाऊ लागले, मंडळीच्या पत्रिकेवर आपले नाव पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आले, तर आपले पाय त्याच वाटेने चालत राहतील काय?

तिसरी कसोटी गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात. डोंगरावर चढ, देश पाहा, आणि मग तू आपल्या लोकांना जाऊन मिळशील, असे मोशेला सांगण्यात येते. चाळीस वर्षांच्या सेवेचा शेवट असा. येथे त्याच्या तोंडून पहिली विनंती निघते ती स्वतःसाठी नाही. या मंडळीवर कोणी नेमा, ती मेंढपाळावाचून राहिलेल्या मेंढरांसारखी होऊ नये, एवढेच तो मागतो. मग तो यहोशवाला एलाजार याजकासमोर आणि सर्व मंडळीसमोर उभे करतो आणि त्याच्यावर हात ठेवतो. आपल्या अधिकारातील वाटा तो जिवंतपणी, चारचौघांदेखत देतो. जाण्याची गोष्ट निघाली की आपल्याला प्रथम कशाची काळजी वाटते, निरोपसमारंभाची की मेंढरांची?

आम्ही या तिन्ही कसोट्यांवर स्वतःला घासून पाहिले. निकाल सांगण्याची गरज नाही. बिस्किटाच्या डब्याचा आवाज ऐकून आम्हांला काय वाटले ते वर लिहिलेच आहे.

दुसरी बाजू

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या मंडळीत एक वृद्ध पंच आहेत. लहानथोर त्यांना अण्णा म्हणतात. आम्ही हा विचार त्यांच्यापुढे मांडला तेव्हा ते म्हणाले, "सोडणं सोपं आहे रे. संकट दिसलं की मजूरही मेंढरं सोडून पळतो. तू सोडतोयस की पळतोयस?"

हा आक्षेप खरा आहे. पौलाने तीमथ्याला बजावले आहे की नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये, तो गर्वाने फुगून पडेल. आणि कोणावर उतावळेपणाने हात ठेवू नयेत. कच्च्या हातात काम देऊन मोकळे होणे ही नम्रता नव्हे. कंटाळा आला, भांडण झाले, मनासारखे घडले नाही, म्हणून किल्ली टेबलावर आपटून निघून गेलेले सेवक आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेही जागा सोडतात, परंतु जाताना मंडळीला जखम करून जातात.

म्हणून टाकणे आणि सोपविणे यांतील भेद ओळखला पाहिजे. टाकणारा आपल्या सुटकेचा विचार करतो. सोपविणारा घेणाऱ्याच्या हाताचा. टाकायला एक क्षण पुरतो, सोपवायला वर्षे लागतात. प्रभू येशूने बारांना आधी आपल्याबरोबर राहू दिले. मग दोघादोघांना पाठविले. ते परत आल्यावर काय केले, काय शिकविले ते ऐकून घेतले. ते चुकले, पहिला कोण यावर आपसांत भांडले, तरी त्याने त्यांना सोडले नाही. कंबरेला रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले. आणि शेवटी त्याने त्यांना सांगितले की मी जातो हे तुमच्या हिताचे आहे. या वचनापाशी आम्ही नेहमी थांबतो. ज्याच्यावाचून खरोखर काहीच चालत नाही असा एकच आहे. आणि त्यानेच आपले जाणे शिष्यांच्या हिताचे आहे असे म्हटले. मग आपण कोण?

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो. "एकदा देऊन पाहिलं. चार महिन्यांत त्यांनी टाकून दिलं." याचे उत्तर पुन्हा बर्णबाकडे आहे. योहान मार्क पंफुल्यात अर्ध्या वाटेवरून परत गेला होता. पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता, आणि पौलाचे म्हणणे अवाजवी नव्हते. यावरून दोघांत इतका वाद पेटला की त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. त्याने त्याच्यावर काय मेहनत घेतली ते लिहिलेले नाही. परंतु तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तोच पौल मार्काला बरोबर घेऊन ये म्हणून कळवितो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. एकदा सांडले म्हणून भांडे पुन्हा हाती द्यायचेच नाही, असे बर्णबाने केले असते तर हे वाक्य लिहिले गेले नसते.

आपल्याच इतिहासातील धडा

या बाबतीत आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना आपलाच इतिहास आठवावा. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले. तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती 1854 मध्ये. मध्ये 41 वर्षे गेली. मिशनरी निष्ठावंत होते. त्यांतील कित्येकांनी आपली माणसे या मातीत पुरली. परंतु मंडळी आपला कारभार आपण पाहील, आपला खर्च आपण उचलील आणि शुभवर्तमान आपणच पसरवील, हा विचार अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना आग्रहाने मांडावा लागला. आणि 1854-55 मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात आले.

पुढेही ही गोष्ट सोपी झाली नाही. 1910 मध्ये एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायांनी भर सभेत सांगितले की तुम्ही पुष्कळ दिलेत, त्याग केलात, आता मैत्रीही द्या. त्या बोलण्याने अनेकजण दुखावले. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. त्यांचा दोर्नकल प्रांत तेव्हाच्या निजामाच्या हैदराबाद राज्यातला. त्या वेळीही भारतीय माणूस या पदाला अजून तयार नाही असे म्हणणारे होतेच. आणि मराठी मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून देवाच्या दरबाराची वाट धरली, तीही ख्रिस्ताचे काम आपल्या लोकांनी आपल्या रीतीने करावे या तळमळीने.

हा इतिहास सांगताना आपला आवाज चढतो. मिशनऱ्यांनी किल्ली लवकर दिली नाही, असे आपण म्हणतो. म्हणावे, त्यात तथ्य आहे. परंतु "अजून तयार नाहीत", "आधी बसून बघा", "आपली पद्धत अशी नाही" ही वाक्ये आपण आज कोणाला ऐकवीत आहोत? एके काळी परक्यांनी आपल्या आजोबांना जे सांगितले तेच आपण आपल्या मुलांना आपल्या मराठीत सांगत आहोत. आमच्या हे ध्यानात आले त्या दिवशी आम्हांला खरी लाज वाटली.

तयारी आपली, काम देवाचे

येथे एक सावधगिरी. वारस तयार केला की काम सुरक्षित झाले, असेही समजू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे वाहण्यासाठी आपली एकुलती कन्या मनोरमाबाई यांना तयार केले होते. 1921 मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईही प्रभूकडे गेल्या. जिच्या हाती द्यावयाचे तो हातच राहिला नाही. तरी शंभर वर्षे उलटून गेली आणि केडगावचे काम आजही चालू आहे. याउलट टिळकांचे ख्रिस्तायन 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. पुढचे बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लग्नानंतर अक्षरओळख झाली त्या लक्ष्मीबाईंनी. जिथे वारस नेमला तिथे तो गेला, आणि जिथे कोणी अपेक्षाही केली नसती तिथे लेखणी उचलली गेली. तयारी करणे आपले कर्तव्य आहे; परंतु कपाट मुळातच आपले नाही.

मात्र तयारीच केली नाही तर काय होते तेही शास्त्रात आहे. मोशेने यहोशवाला उभे केले. यहोशवाने कोणाला उभे केल्याचे वाचायला मिळत नाही. शास्ते पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे की त्याच्यामागून जी पिढी उठली तिला परमेश्वराची ओळख नव्हती. शब्बाथ शाळेच्या प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य वर्षातून एकदा तरी वाचावे.

मग करावे काय?

आमच्या चुकांतून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. ज्या कामापुढे आज आपले नाव आहे त्यापुढे दुसरेही नाव लिहावे, आणि वर्षभर त्या दुसऱ्याला नुसते बसवू नये. पहिल्या महिन्यापासून काहीतरी त्याच्या हाती द्यावे. डोक्यातले कागदावर आणावे. आम्ही यादी करावयास बसलो तेव्हा कळले की नाताळच्या खाऊचे प्रमाण, बक्षिसे कोठे स्वस्त मिळतात, कोणत्या घरी मुलांना आणावयास जावे लागते, यांतील काहीही कोठे लिहिलेले नव्हते. आम्हांला आजारात देवाने नेले असते तर ते सारे आमच्याबरोबर गेले असते. पैशाच्या व्यवहारावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि दर तीन महिन्यांनी हिशेब मंडळीपुढे ठेवावा. तरुणांची चूक एकांतात सांगावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. आपण बहुधा उलट करतो. आणि एकदा सोपविल्यावर मागल्या बाकावरून सूत्रे हलवू नयेत.

हे शेवटचे सर्वांत जड. किल्ली आम्ही त्या भगिनीच्या हाती मंडळीसमोर दिली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सर्व काही शोभेसे झाले. आधी आम्ही तिच्या घरी गेलो होतो आणि वर्षभर बसवून ठेवल्याबद्दल तिची क्षमा मागितली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, मला वाटलं होतं मला जमणारच नाही असं तुम्हांला वाटतं." आमच्या "वर्षभर बस" या शब्दांचा हा अर्थ तिने इतके दिवस मनात बाळगला होता.

परंतु त्यानंतरच्या नाताळात कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, मागी लोकांचा तारा दोरीवरून खाली पडला आणि एक मेंढपाळ रडत आईकडे गेला. आमचे हात शिवशिवत होते. आम्ही उठलोही. शेजारी बसलेल्या अण्णांनी आमचा सदरा ओढून खाली बसविले आणि म्हणाले, "तुझ्या पहिल्या नाताळाला दिवे गेले होते. मी उठलो होतो का?" आम्ही ते विसरलो होतो. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी आमच्यासाठी बसून राहिले होते.

उरते काय?

जागा सोडणाऱ्या सेवकाजवळ मग उरते काय? आम्हांला वाटते, जे त्याने सेवेच्या धांदलीत हरवले होते तेच. बारा वर्षे आम्ही धडे शिकविण्यासाठी शास्त्र वाचले. स्वतःसाठी वाचायचे राहून गेले होते. आता आम्ही मोठ्या मुलांचा एक वर्ग घेतो, सहा मुलांचा, त्या भगिनीने नेमून दिलेला. इतर वेळी मागे बसून ऐकतो. परवा लहान मुलांबरोबर वचन पाठ म्हणताना आम्ही मध्येच अडलो आणि पहिलीतल्या मुलीने पुढचा शब्द सांगितला. ती हसली, आम्हीही हसलो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य त्याच्याकडे आले की सारे लोक येशूकडे चालले आहेत. त्याने उत्तर दिले की त्याची वाढ व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा हे योग्यच आहे. आणि आपला आनंद पूर्ण झाला असेही तो त्याच वेळी म्हणाला. ऱ्हास आणि आनंद एकाच तोंडून एकाच वेळी निघू शकतात, हे आम्ही व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितले होते. त्याची किंचित चव आम्हांला मागल्या बाकावर मिळाली.

आम्ही पूर्ण सुधारलो, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. अजूनही रविवारी सकाळी घरातून निघताना हात खिशाकडे जातो. किल्ली तेथे नाही हे ध्यानात येते आणि क्षणभर जीव चुकल्यासारखा होतो. मग आम्ही तेथेच, दारात उभे राहून, छोटी प्रार्थना करतो. तीच या लेखाच्या शेवटी लिहितो, आणि ज्यांच्या खिशात अजून किल्ली आहे त्यांनी ती आपली करून घ्यावी अशी विनंती करतो.

प्रभो, शाळा तुझी, मुले तुझी, कपाटही तुझे. आम्ही धरावे तोवर आमचे हात घट्ट ठेव, आणि सोडावे त्या दिवशी ते उघडण्याचे बळ दे. आमेन.